कात्री, घोटीव कागद आणि लुडोचा फासा: बी सेल अँटीबॉडी कशी बनवते ते घरी करून बघा

इम्युनॉलॉजीच्या पेपरात अँटीबॉडी डायव्हर्सिटीवर (बी सेल, म्हणजे अँटीबॉडी बनवणारी पांढरी पेशी, इतक्या वेगवेगळ्या अँटीबॉडीज कशा बनवते यावर) मोठा प्रश्न आला की निम्मी मुलं एकच गोष्ट लिहून येतात, व्ही गुणिले डी गुणिले जे (अँटीबॉडीच्या जीनचे हे तीन प्रकारचे तुकडे), म्हणजे एवढे लाख, संपला विषय. गुणाकार चुकीचा नसतो, थोडेफार मार्कही पडतात, पण तो या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात किरकोळ भाग आहे. खरी गंमत तुकडे जोडतात त्या सांध्यात आहे, तिथे सेल मुद्दाम गबाळं काम करते, आणि गबाळं काम केलं की माल फुकट जाणारच, म्हणून प्रत्येक पायरीनंतर एक तपासणी बसवलेली आहे. कापा, जोडा, तपासा. पुन्हा कापा, जोडा, तपासा. प्रो-बी, प्री-बी, इमॅच्युअर बी ही जी नावं आपण रट्टा मारून पाठ करतो ती म्हणजे दुसरंतिसरं काही नसून सेल कुठल्या तपासणीच्या रांगेत उभी आहे त्याची नावं आहेत.

हे वाचून डोक्यात शिरत नाही, हाताने केलं की शिरतं. बीएस्सी मायक्रो, एमबीबीएस, नेटची तयारी, कुणीही असा, एक दुपार काढा आणि हे करून बघा.

सामान असं लागेल: तीन-चार रंगांचे घोटीव कागद, कात्री, सेलोटेप, पेन, लुडोचा फासा आणि पुस्तकातला जेनेटिक कोडचा तक्ता. बस.

आधी पट्ट्या बनवा

पहिली पट्टी हेवी चेनची (अँटीबॉडी हेवी आणि लाइट अशा दोन प्रकारच्या चेन जोडून बनते). माणसात हा जीन १४ नंबरच्या क्रोमोसोमवर असतो. डावीकडे व्ही तुकडे, मग डी, मग जे, आणि एकदम उजवीकडे सी म्हणजे कॉन्स्टंट भाग. खरे आकडे साधारण ४० चालणारे व्ही, २३ डी आणि ६ जे असे आहेत (व्हीचा आकडा माणसागणिक थोडा मागेपुढे होतो, पुस्तकात ३८ लिहिलंय का ४६ यावरून मित्राशी भांडू नका), पण आपण काही ४० तुकडे चिकटवत बसणार नाही, चार व्ही, तीन डी, दोन जे पुरे. प्रत्येक प्रकाराला वेगळा रंग. आणि अशा पट्ट्या दोन बनवा, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. हे विसरू नका, दोन पट्ट्या का ते पुढे कळेल.

आता प्रत्येक तुकड्याच्या कडेला एक छोटा त्रिकोण काढायचा. हे आरएसएस, म्हणजे कात्री कुठे चालवायची त्याची खूण. या खुणेत सात बेसेसचा (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर, ए, टी, जी किंवा सी) एक ठरलेला शब्द, नऊ बेसेसचा दुसरा शब्द आणि दोघांच्या मधे मोकळी जागा असते, ती जागा एकतर १२ बेसेसची नाहीतर २३ ची. १२ वाल्याला पांढरा त्रिकोण, २३ वाल्याला काळा. व्हीच्या उजव्या कडेला काळा, डीच्या दोन्ही कडांना पांढरा, जेच्या डाव्या कडेला काळा. नियम एकच, काळ्याची जोडी फक्त पांढऱ्याशी. आता स्वतःच बघा, व्ही थेट जेला जोडता येतो का? नाही येत, दोन्ही काळे. मधे डी घ्यावाच लागतो. १२/२३ रूल म्हणून जी ओळ पाठ करतो ती एवढीच आहे, पट्टी समोर असली की पाठ करायची गरजच पडत नाही.

लाइट चेनच्या दोन पट्ट्या वेगळ्या. कॅपा २ नंबरच्या क्रोमोसोमवर, लॅम्डा २२ वर. इथे डी नाहीच. कॅपामधे व्हीला पांढरा आणि जेला काळा, लॅम्डात बरोबर उलटं, व्हीला काळा, जेला पांढरा. दोन्हीकडे जोडी जमते म्हणून डीशिवाय भागतं.

पहिला कट

स्टेम सेलपासून सुरुवात होऊन बोन मॅरोमधे एक सेल "मी बी होणार" या रस्त्याला लागली, ई२ए, ईबीएफ१ आणि पॅक्स५ हे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर चालू झाले, की रॅग१ आणि रॅग२ ही एंझाइमची जोडी येते. ही आपली कात्री. डेव्हिड बाल्टिमोर यांच्या लॅबमधे डेव्हिड शॅट्झ आणि मार्जरी ओटिंजर यांनी १९८९ आणि १९९० मधे हे जीन्स शोधले.

पहिला कट नेहमी डी आणि जे मधे. कुठलाही एक डी निवडा, कुठलाही एक जे निवडा, त्रिकोण आणि तुकडा यांच्या बरोबर सीमेवर कापा. मधलं सगळं गळून पडतं, त्रिकोणांसकट. त्या गळलेल्या पट्टीची दोन टोकं एकमेकांना चिकटवून गोल करा, सेलमधेही असंच वर्तुळ बनतं. हे वर्तुळ नुसती रद्दी नाहीये बरं का, कॅपाच्या बाजूचं असंच एक वर्तुळ नवजात बाळाच्या रक्तात मोजतात आणि त्यावरून बाळाच्या बी सेल्स नीट बनतायत की नाही ते बघतात, त्या टेस्टला क्रेक म्हणतात.

हे डी-जे जोडणं दोन्ही पट्ट्यांवर करा. मग त्यातल्या एका पट्टीवर व्ही निवडून तो डी-जेच्या पुढे आणा. क्रम उलटा करू नका, आधी डी-जे, नंतर व्ही. परीक्षेत एमसीक्यू यावरच काढतात.

हे असं डीएनए कापूनजोडून होतं हे आज आपल्याला नवल वाटत नाही, पण सत्तरच्या दशकापर्यंत लोक मानायला तयार नव्हते, शरीरातल्या सगळ्या सेल्सचा डीएनए सारखाच असतो हा नियम होता ना. ड्रेयर आणि बेनेट यांनी १९६५ मधे व्ही आणि सीचे जीन वेगवेगळे असावेत असं सुचवलं होतं, पुरावा मात्र १९७६ मधे आला. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या इम्युनॉलॉजी इन्स्टिट्यूटमधे नोबुमिची होझुमी आणि सुसुमु टोनेगावा यांनी उंदराच्या भ्रूणाचा डीएनए आणि अँटीबॉडी बनवणाऱ्या मायलोमा सेलचा डीएनए एकाच रिस्ट्रिक्शन एंझाइमने कापला. भ्रूणात व्ही आणि सी वेगवेगळ्या तुकड्यांवर सापडले, मायलोमात एकाच तुकड्यावर. म्हणजे मधलं काहीतरी उडालं होतं. टोनेगावांना १९८७ चं नोबेल एकट्याला मिळालं ते यासाठी.

आता मुख्य काम, सांधा

इथे घाई करू नका. वर आपण कात्रीने सरळ कापून टेप लावला तसं सेल करत नाही. रॅगने कापल्यावर कोडिंग बाजूच्या टोकाचे दोन्ही धागे एकमेकांना जोडले जातात, हेअरपिन होते. मग आर्टेमिस नावाचं एंझाइम ती हेअरपिन उघडतं, पण बरोबर टोकावरच उघडेल असं नाही, जरा बाजूला उघडलं की काही बेसेस उलट प्रतिबिंबासारख्या जास्तीच्या येतात, त्या पी न्यूक्लिओटाइड. मग काही बेसेस कुरतडल्या जातात. आणि वरून टीडीटी नावाचं एंझाइम येतं, ते समोर कुठलाही साचा नसताना मनाला येईल त्या बेसेस लावत सुटतं, त्या एन न्यूक्लिओटाइड. शेवटी लायगेज ४ आणि त्याची मंडळी टोकं जोडून टाकतात.

कागदावर हे असं करा. मी माणसातलेच तुकडे घेतोय. बऱ्याच व्ही जीन्सचं शेवटचं टोक असं असतं:

टीजीटी जीसीजी एजीए जीए

पहिला टीजीटी म्हणजे सिस्टिन, इथून पुढे सीडीआर३, म्हणजे अँटीबॉडीचा चिकटणारा मुख्य भाग, मोजायचा. डी म्हणून आपण माणसातला सगळ्यात छोटा डी घेऊ, ११ बेसेसचा, डी७-२७:

सीटीएएसीटीजीजीजीए

आणि जे म्हणून जे४, माणसात सगळ्यात जास्त वापरला जातो तो:

एसी टीएसी टीटीटी जीएसी टीएसी टीजीजी

शेवटचा टीजीजी म्हणजे ट्रिप्टोफॅन, सीडीआर३ त्याच्या आधी संपतो. तर टीजीटी आणि टीजीजी यांच्या मधल्या बेसेस मोजायच्या, तीनने भाग गेला तर फ्रेम (तिनातिनाने वाचायची रांग) बरोबर, नाही गेला तर सगळं मुसळ केरात.

आधी गबाळेपणा न करता सरळ जोडून बघा. व्हीचे ८, डीचे ११, जेचे १४, एकूण ३३. तीनने भाग जातो! खूश व्हायच्या आधी तिनातिनाचे गट पाडून वाचा:

जीसीजी एजीए जीएसी टीएए...

थांबा. टीएए म्हणजे स्टॉप. फ्रेम बरोबर असूनही प्रोटीन तिथेच खलास. म्हणजे एकदम सुबक, काटेकोर जोड दिला तर या तीन तुकड्यांपासून अँटीबॉडी बनतच नाही.

आता गबाळं काम करा. व्हीचे शेवटचे दोन (जीए) कुरतडा, डीचे पहिले दोन (सीटी) कुरतडा, जेचे पहिले तीन (एसीटी) कुरतडा. फासा काढा, १ म्हणजे ए, २ म्हणजे टी, ३ म्हणजे जी, ४ म्हणजे सी, ५ किंवा ६ पडले तर परत टाका. समजा व्ही आणि डीच्या मधे जीजीटी पडले आणि डी आणि जेच्या मधे एकच सी पडला. आता वाचा:

जीसीजी एजीए जीजीटी एएसी टीजीजी जीजीए सीएसी टीटीटी जीएसी टीएसी

तीस बेसेस, दहा अमिनो ॲसिड, कुठेही स्टॉप नाही. अलानिन, आर्जिनिन, ग्लायसिन, ॲस्पराजिन, ट्रिप्टोफॅन, ग्लायसिन, हिस्टिडिन, फिनाइलअलानिन, ॲस्पार्टिक ॲसिड, टायरोसिन. यातला ग्लायसिन (जीजीटी वाला) कुठल्याच जीनमधे लिहिलेला नव्हता, तो फाशाने आला. आणि हिस्टिडिनचा पहिला सी पण.

आता फक्त एवढाच बदल करा की डी-जेच्या मधे एका सीच्या जागी सीटी असे दोन पडले. जीजीएपर्यंत सगळं तेच, त्यापुढे:

सीटीए सीटीटी टीजीए

टीजीए. स्टॉप. एका बेसचा फरक आणि माल रद्दी.

हे स्वतः चारपाच वेळा फासा टाकून केलंत की दोन गोष्टी हाताला लागतात. एक, त्याच तीन तुकड्यांपासून दर वेळी वेगळंच सीडीआर३ येतं. आणि सीडीआर३ हेच अँटीबॉडीच्या टोकाला मधोमध बसतं, अँटीजेनला (अँटीबॉडी ज्याला चिकटते त्या वस्तूला) हात लावणारा मुख्य भाग तोच. दोन, तीनातल्या दोन वेळा माल फुकट जातो.

गुणाकार पण करूनच टाकू, म्हणजे तुलना होईल. हेवीमधे ४० गुणिले २३ गुणिले ६, झाले ५,५२०. कॅपात साधारण ४० गुणिले ५, २००. लॅम्डात साधारण ३० गुणिले ४, १२०. लाइट एकूण ३२०. सगळं मिळून १७ लाखांच्या वर. ऐकायला मोठा आकडा आहे पण जंतूंच्या मानाने काहीच नाही, आणि सांध्यातल्या गबाळेपणामुळे त्यावर आणखी कोटीच्या घरात पट चढते असा पाठ्यपुस्तकांचा अंदाज आहे. म्हणजे लाख कुठे आणि कोटी कुठे. आपल्या अंगात जेवढ्या बी सेल्स आहेत त्यापेक्षा शक्य अँटीबॉडीज जास्त आहेत, त्यामुळे एकसारख्या (आयडेंटिकल) जुळ्या भावंडांचा जीनोम सेम असला तरी त्यांच्या बी सेल्सचा साठा सेम नसतो.

तपासणी नंबर एक

हेवी चेन तयार झाली (पेपरवर), आता ती खरंच प्रोटीन म्हणून बनते का आणि लाइट चेनशी तिची जोडी जमेल का? पण लाइट चेन अजून बनलेलीच नाही. मग सेल एक डमी लाइट चेन वापरते, व्हीप्री-बी आणि लॅम्डा५ असे दोन तुकडे मिळून, सगळ्या सेल्समधे सारखीच. हेवी अधिक डमी मिळून प्री-बी रिसेप्टर. तो मेम्ब्रेनपर्यंत पोचला आणि आतून सिग्नल गेला तर पास.

पहिली पट्टी नापास झाली तर दुसरी पट्टी काढा, म्हणून दोन बनवायला सांगितल्या. फक्त फ्रेमचा हिशोब धरला तर पहिल्या प्रयत्नात पास व्हायचा चान्स १/३, नाही झालं तर उरलेल्या २/३ मधून परत १/३, एकूण ५/९. म्हणजे शंभरातल्या पंचेचाळीसेक सेल्स इथेच मरतात, आणि आपण वर पाहिलेले स्टॉप वगैरे धरले तर त्याहून जास्त.

पहिलीच पट्टी पास झाली तर? मग दुसरीला हात लावायचा नाही. सिग्नल मिळाला की रॅग बंद, दुसरी पट्टी तशीच डी-जेवर थांबते. हे ॲलेलिक एक्सक्लूजन. नाहीतर एका सेलवर दोन प्रकारच्या अँटीबॉडीज आल्या असत्या आणि पुढचं सगळं निवडीचं गणितच बिघडलं असतं.

पास झालेली सेल लगेच लाइट चेनकडे वळत नाही, आधी बऱ्याच वेळा डिव्हाइड होते. हे मला या पूर्ण प्रक्रियेतलं सगळ्यात हुशारीचं पाऊल वाटतं. एवढी मेहनत करून एक चालणारी हेवी चेन हाती लागली, तिच्या तीस-चाळीस कॉप्या करून घ्या आणि मग प्रत्येक कॉपीला वेगळी लाइट चेन लावून बघा. हेवी वाया जात नाही आणि जोड्याही वाढतात.

लाइट चेन

रॅग परत चालू. आधी कॅपा, नाही जमलं तर लॅम्डा. टीडीटी तोवर बराच ओसरलेला असतो त्यामुळे लाइट चेनच्या सांध्यात एन बेसेस कमी.

इथे पट्टीवर एक गोष्ट मुद्दाम करून बघा. कॅपाचा एक जोड फसला, समजा. उरलेल्या पट्टीत डावीकडे अजून व्ही शिल्लक आहेत आणि उजवीकडे अजून जे शिल्लक आहेत, त्रिकोणांसकट. म्हणजे परत कापून परत जोडता येतं, आधीचा फसलेला जोड वर्तुळात निघून जातो. हेवीमधे हे साधारणपणे जमत नाही कारण व्ही जोडला गेला की मधले सगळे डी गेलेले असतात. या पुन्हापुन्हा मिळणाऱ्या चान्समुळे लाइट चेनच्या पायरीवर कमी सेल्स मरतात. कुणी विचारलं की लाइट चेनला जास्त यश का, तर उत्तर पट्टीवर दिसतंय.

तपासणी नंबर दोन, स्वतःलाच चावते का?

आता खरी आयजीएम (अँटीबॉडीचा पहिला प्रकार) सेलच्या अंगावर आली, ही इमॅच्युअर बी. फासा टाकून बनवलेला रिसेप्टर आहे, तो कशाला चिकटेल त्याचा काही नेम नाही, स्वतःच्या डीएनएला पण चिकटेल. २००३ मधे माणसाच्या बोन मॅरोमधल्या अशा अगदी नव्या सेल्सच्या अँटीबॉडीज एकेक करून तपासल्या तेव्हा निम्म्याहून जास्त स्वतःच्याच कशाला तरी चिकटणाऱ्या निघाल्या. निम्म्याहून जास्त!

तर जी सेल स्वतःला जोरात चिकटते तिला आधी एक संधी, लाइट चेन बदल. परत रॅग चालू, वर केलं तसंच, शेजारचा व्ही आणि पुढचा जे. याला रिसेप्टर एडिटिंग म्हणतात. तरी सुधारली नाही तर मारून टाकायची. आणि जी हलकेच चिकटते ती कधीकधी जिवंत राहते पण बधिर होऊन, तिला ॲनर्जी म्हणतात.

याचं आपल्याकडचं जबरदस्त उदाहरण म्हणजे बॉम्बे ब्लड ग्रुप. १९५२ मधे मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी हा गट शोधला. बाकी सगळ्यांच्या लाल पेशींवर एच अँटीजेन असतो, ओ ग्रुपवाल्यांच्या तर सगळ्यात जास्त, त्यामुळे आपल्यात एचला चावणाऱ्या बी सेल्स शिल्लक राहत नाहीत. बॉम्बे ग्रुपवाल्यांच्या अंगात एच नाहीच, त्यामुळे एच त्यांच्या बी सेल्ससाठी परका, आणि त्यांच्या रक्तात अँटी-एच फिरत असतं. म्हणून लॅबमधे ओ म्हणून रिपोर्ट आला आणि ओचं रक्त चढवलं तर जिवावर बेततं. फासा सगळ्यांकडे तोच, तपासणीला समोर काय ठेवलंय त्यावर निकाल वेगळा.

पास झालेली सेल बोन मॅरोतून बाहेर पडून स्प्लीनमधे जाते, तिथे पिकते, आणि तिच्यावर आयजीएमसोबत आयजीडी पण येतं. हे दोन्ही एकाच आरएनएचं वेगवेगळं स्प्लायसिंग आहे, क्लास स्विच नाही. इथे बरीच मुलं घसरतात.

इथवर जंतूचा संबंध आलेलाच नाही हे लक्षात आलं का? हेच मुख्य. पूर्वी लोकांना वाटायचं की अँटीजेन येतो आणि अँटीबॉडी त्याच्याभोवती घडी घालून आकार घेते, १९४० मधे लायनस पॉलिंगसारख्या माणसाने पण असंच मांडलं होतं. १९५७ मधे फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी उलटं सांगितलं, की कुलपं यायच्या आधीच किल्ल्या बनून तयार असतात, जिची किल्ली लागली ती सेल वाढते. क्लोनल सिलेक्शन.

दुसरी इनिंग, लिम्फ नोडमधे

आता ताप आला, किंवा लस घेतली. ज्या सेलची किल्ली जेमतेम लागली ती टी सेलची मदत घेऊन लिम्फ नोडमधे जर्मिनल सेंटर (बी सेल्स वाढायची आणि निवडायची जागा) उभं करते. इथे रॅग नाही, इथे एआयडी. तासुकु होंजो यांच्या लॅबने शोधलेलं एंझाइम, हे करतं एकच काम, डीएनएमधल्या सीचा यू करतं. यू दुरुस्त करायला जे एंझाइम येतात ते पण इथे गबाळेपणाच करतात आणि म्युटेशन राहून जातं. वेग साधारण दर डिव्हिजनला हजार बेसेसमधे एक, बाकीच्या जीनोमपेक्षा दहा लाख पट वगैरे.

कागदावर, तुमच्या पास झालेल्या सीडीआर३ च्या चार कॉप्या लिहा. प्रत्येकीत फासा टाकून एक सी निवडा आणि त्याचा टी करा. कोडचा तक्ता घेऊन वाचा. एखाद्या कॉपीत काहीच बदलणार नाही, जसं टीएसीचं टीएटी केलं तरी टायरोसिनच राहतं. सीएसीचं टीएसी झालं तर हिस्टिडिनच्या जागी टायरोसिन, चिकटणं सुधारेल किंवा बिघडेल. मग तपासणी नंबर तीन, फॉलिक्युलर डेंड्रिटिक सेल्सनी अँटीजेन धरून ठेवलेला असतो, जी बी सेल तो जास्त ओढून घेते तिलाच टी सेल पुढे ढकलते, बाकीच्या मरतात. जगलेल्या परत म्युटेट होतात, परत तपासणी. म्हणून दुसऱ्या डोसनंतरच्या अँटीबॉडीज जास्त घट्ट चिकटतात.

क्लास स्विच पण एआयडीच करतं, पण दुसरीकडे, सी भागांच्या आधीच्या स्विच रीजनमधे. पट्टीच्या उजव्या टोकाला सी तुकडे या क्रमाने लावा: म्यू, डेल्टा, गॅमा३, गॅमा१, अल्फा१, गॅमा२, गॅमा४, एप्सिलॉन, अल्फा२. म्यूच्या आधी कापा, गॅमा१ च्या आधी कापा, मधलं टाका, जोडा. आयजीएमची आयजीजी झाली. व्हीडीजे भाग तोच, त्यामुळे चिकटते त्याच जागी, फक्त मागचं काम बदललं. आता पट्टी हातात धरून सांगा, आयजीजीवरून परत आयजीएमवर जाता येईल का? नाही, म्यू कचऱ्यात गेला. आयजीजी१ वरून आयजीईवर? हो, एप्सिलॉन अजून उजवीकडे आहे. डेंग्यूच्या रिपोर्टमधे आयजीएम आधी आणि आयजीजी नंतर का, याचं मूळ इथे आहे.

समजलं का ते तपासायचं असेल तर

पट्टी कुठे अडकली ते आजारावरून ओळखा. रॅग नसेल तर? बी पण नाही आणि टी पण नाही, कारण टी सेल रिसेप्टरला तीच कात्री लागते, एनके सेल्स (ज्यांना ही कात्री लागत नाही) मात्र असतात. आर्टेमिस नसेल तर तेच, पण वर पेशंट रेडिएशनला नाजूक, कारण आर्टेमिस रोजच्या डीएनए दुरुस्तीतही असतं. प्री-बी रिसेप्टरचा सिग्नल आत नेणारं बीटीके नसेल तर सेल्स तपासणी नंबर एकलाच अडकतात, टी ठीक, बी जवळपास शून्य, ऑग्डेन ब्रूटन यांनी १९५२ मधे आठ वर्षांच्या मुलात वर्णन केलेला आजार तो हाच, जीन एक्सवर असल्यामुळे मुलग्यांमधे दिसतो. एआयडी नसेल तर बी सेल्स आहेत, आयजीएम भरपूर, पण आयजीजी, आयजीए नाहीत आणि म्युटेशनही नाहीत, यावरूनच २००० साली कळलं की दोन्ही कामं एकाच एंझाइमची. टी सेलवरचा सीडी४० लिगंड नसेल तरी आयजीएम वाढलेलं दिसतं, पण तिथे जर्मिनल सेंटरच उभं राहत नाही.

आणि सतत डीएनए कापायचा म्हणजे कधीतरी चुकीच्या जागी जोड बसणारच. १४ नंबरच्या हेवी लोकसला १८ वरचा बीसीएल२ चिकटला की फॉलिक्युलर लिम्फोमा, ८ वरचा मिक हा जीन चिकटला की बर्किट लिम्फोमा. कॅन्सरच्या यादीत १४ नंबर सारखा का येतो ते आता विचारायला नको. पॅथॉलॉजीवाल्यांसाठी आणखी एक, एका सेलमधे कॅपा किंवा लॅम्डा एकच चालतं, त्यामुळे नॉर्मल लिम्फ नोडमधे दोन्हींची सरमिसळ दिसते, आणि सगळ्याच्या सगळ्या बी सेल्स फक्त कॅपावाल्या दिसल्या तर एकाच सेलची पिल्लावळ असल्याची शंका घ्यायची. ल्युकेमियाच्या ब्लास्टमधे (कच्च्या कॅन्सर सेल्समधे) टीडीटी का बघतात? कारण टीडीटी फक्त कच्च्या सेल्समधे असतं, तुम्ही फासा कुठल्या पायरीला टाकला होता ते आठवा.

पेपरात लिहिताना पट्ट्या तर नेता येत नाहीत. तिथे पान आडवं घ्या, डावीकडून उजवीकडे सहा चौकोन काढा, प्रो-बी, मोठी प्री-बी (डिव्हाइड होणारी), छोटी प्री-बी (लाइट चेन जोडणारी), इमॅच्युअर, मॅच्युअर, जर्मिनल सेंटर. प्रत्येक चौकोनाच्या वर काय कापलं, खाली काय तपासलं, आणि बाणावर कुठलं एंझाइम. व्ही, डी, जेचे त्रिकोण काळेपांढरे करून कोपऱ्यात काढा. गुणाकार लिहा, पण शेवटी आणि एका ओळीत, आणि सांध्याला किमान अर्धं पान द्या.